माझा अर्ज कोठवर आला?

म्हाडाच्या घरासाठी ज्याने आयुष्यात एकदा तरी अर्ज केला आहे, अशा माणसाला ऑनलाइन पोर्टल कसे असावे असे विचारले, तर तो पडद्यावरील रंगांविषयी किंवा चित्रांविषयी बोलत नाही. माझा अर्ज पोहोचला का, तो ग्राह्य धरला गेला का, सोडतीच्या दिवशी तो खरोखरच त्या यंत्रात होता का, आणि नाव लागले नाही तर माझी अनामत रक्कम केव्हा परत मिळणार, एवढेच तो विचारतो. परवडणाऱ्या घरांसाठीचे पोर्टल रचणे म्हणजे या प्रश्नांची उत्तरे, ते विचारले जाण्यापूर्वी, क्रमाने आणि स्वच्छ शब्दांत देण्याची व्यवस्था करणे होय. आणि या प्रकरणात ती व्यवस्था कशी उभी राहते, कोठे अडते आणि कोठे नागरिकाला दलालाच्या दारी लोटते, हे आपण एकेक पायरीने पाहणार आहोत.

१. पोर्टल कशाकशाचे बनते

मुंबई इलाख्यात गृहनिर्माण मंडळ १९४८ साली स्थापन झाले, आणि १९७६ च्या कायद्यान्वये डिसेंबर १९७७ मध्ये 'महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण', म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले 'म्हाडा', अस्तित्वात आले. त्या काळी छापील अर्ज आणावा, शाईने भरावा, दाखले जोडावेत, रांगेत उभे राहून तो दाखल करावा आणि पोचपावती जिवापाड जपावी, असा शिरस्ता होता. पोर्टलने रांग हटवली. परंतु रांगेबरोबर खिडकीपलीकडचा कारकूनही हटला, आणि त्याला विचारता येणारे प्रश्नही त्याच्याबरोबर गेले, ही गोष्ट रचनाकाराने प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

कोणत्याही पोर्टलचे तीन भाग असतात. पहिला भाग अर्जदाराला दिसणारी पाने. दुसरा भाग नियमांचा, कोण पात्र, कोणत्या गटात, कोणत्या आरक्षणात, हे ठरवणारा. तिसरा भाग नोंदींचा, ज्यात प्रत्येक अर्ज, प्रत्येक कागद आणि प्रत्येक निर्णय तारखेसह साठवलेला असतो. सामान्यतः पहिल्या भागावर सर्वांचे लक्ष असते. तथापि अर्जदाराचे बरेवाईट दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांत ठरते, आणि पहिल्या भागाचे खरे काम म्हणजे त्या दोघांत काय चालले आहे ते अर्जदाराला दाखवणे. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या पुणे विभागीय मंडळाच्या सोडतीपासून म्हाडाने जी नवी संगणकीय प्रणाली अंमलात आणली, तिने या तिन्ही भागांची जुनी मांडणी बरीच बदलली. म्हणून पुढील विवेचनात तिचा उल्लेख वारंवार येईल.

२. पात्रता आधी, पैसे नंतर

एक कल्पित कुटुंब घेऊ. भांडुपच्या चाळीत भाड्याच्या खोलीत राहणारे; नवरा कारखान्यात फिटर, वर्षाचे उत्पन्न ४ लाख २० हजार; बायको घरी शिवणकाम करते, तिचे १ लाख ९५ हजार; थोरला मुलगा नुकताच नोकरीस लागला, त्याचे ३ लाख. मुंबई महानगर प्रदेशात अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा वार्षिक ६ लाख, अल्प गटाची ९ लाख आणि मध्यम गटाची १२ लाख रुपये आहे.

आता 'कौटुंबिक वार्षिक उत्पन्न' असा एकच रिकामा चौकोन या कुटुंबापुढे ठेवला तर काय होईल? नवरा केवळ स्वतःचे उत्पन्न लिहील, तर कुटुंब अत्यल्प गटात बसेल. पती-पत्नीचे मिळून लिहिले तर बेरीज ६ लाख १५ हजार होते आणि गट अल्प होतो. मुलाचा पगारही मिळवला तर बेरीज ९ लाख १५ हजारांवर जाऊन कुटुंब थेट मध्यम गटात पोहोचते. एकच घर, एकच चूल, आणि प्रश्नाच्या मोघमपणामुळे तीन वेगवेगळे गट! म्हाडाच्या नियमाप्रमाणे अर्जदार आणि त्याची पत्नी किंवा पती यांचेच उत्पन्न एकत्र धरावयाचे असते. म्हणजे या कुटुंबाचा खरा गट अल्प. मुंबई मंडळाच्या २०२३ च्या सोडतीत अनामत रक्कम अत्यल्प गटाला २५ हजार, अल्प गटाला ५० हजार आणि मध्यम गटाला १ लाख रुपये होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका चौकोनाची किंमत काय आहे ते समजेल. फिटरच्या घरात ५० हजार रुपये उभे करायचे म्हणजे सोसायटीचे कर्ज, बायकोच्या पाटल्या किंवा भावाची उसनवारी. आणि पैसे चुकीच्या गटात भरून अर्ज बाद झाला, तर रक्कम परत येईतो व्याज चालूच राहते.

म्हणून उत्तम पोर्टल एक चौकोन न देता दोन देते: 'आपले उत्पन्न' आणि 'पती किंवा पत्नीचे उत्पन्न'. मुलाच्या पगाराविषयी ते विचारतच नाही, कारण नियमाला जी माहिती नको ती अर्जातही असता कामा नये. मग ते बेरीज अर्जदाराच्या डोळ्यांसमोर मांडते, कोणत्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न धरले ते सांगते आणि गटाचे नाव देते. आणि हे सर्व एक रुपयाही भरण्यापूर्वी, किंबहुना नाव-पत्ता विचारण्यापूर्वी. घराच्या मालकीची अटही अशीच उलगडून विचारता येते. 'मी अटी व शर्तींस पात्र आहे' अशा वाक्यापुढे खूण करून घेण्यापेक्षा, 'आपल्या, आपल्या पती-पत्नीच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत घर आहे का?' असे विचारले, तर गावी वडिलोपार्जित घर असलेला माणूस विनाकारण मागे फिरत नाही.

३. कागद केव्हा मागावेत?

या विषयातील हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि जगातील दोन मोठ्या शहरांनी त्याची परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत. म्हणून येथे थोडे थांबावे.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१६ मध्ये 'डालिया' नावाचे पोर्टल सुरू केले. तत्पूर्वी त्या शहरात प्रत्येक इमारतीचा अर्ज निराळा, कागदी, आणि तो निरनिराळ्या ठिकाणी नेऊन द्यावा लागे. नव्या पोर्टलने सर्व इमारतींसाठी एकच अर्जपद्धती ठेवली आणि ती इंग्रजी, स्पॅनिश, चिनी व फिलिपिनो भाषांत उपलब्ध केली. तेथे अर्जदार आपली माहिती आपल्या शब्दावर देतो. त्यानंतर सोडत होऊन प्रत्येकाला क्रमांक मिळतो. आणि ज्याचा क्रमांक लागण्याजोगा असेल त्यालाच उत्पन्नाचे पुरावे मागितले जातात. केवळ एखाद्या प्राधान्याचा, उदाहरणार्थ त्याच शहरात राहत असल्याचा, दावा केला असेल तर त्याचा पुरावा अर्जासोबत जोडावा लागतो. थोडक्यात, आधी सोडत, मग कागद.

म्हाडाची जुनी रीतही अशीच होती. आधी सोडत निघे, मग विजेत्यांची कागदपत्रे तपासली जात. त्यात महिने जात. अपात्र ठरलेल्यांच्या जागी प्रतीक्षा यादीवरील माणसे बोलावली जात, त्यांचीही छाननी होई. आणि बांधून तयार असलेल्या सदनिका कुलूपबंद राहत. वर्तमानपत्रात नाव आले, पेढे वाटून झाले, आणि त्यानंतर काही महिन्यांनी अपात्रतेचे पत्र आले, असे ज्यांच्या बाबतीत घडले त्यांचे दुःख, ज्यांचे नाव मुळात लागलेच नाही त्यांच्या दुःखापेक्षा मोठे होते. २०२३ च्या प्रणालीने हा क्रम उलटा केला. आता नोंदणी करतानाच आधार, पॅन, अधिवास दाखला, आयकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि आरक्षण हवे असेल तर त्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते तपासले जातात. आणि पात्र ठरलेलेच सोडतीत उतरतात.

यांत बरोबर कोण? थोडे गणित करू. मुंबई मंडळाच्या २०२४ च्या सोडतीत २०३० सदनिका होत्या आणि अनामत रकमेसह आलेले अर्ज होते १ लाख १३ हजारांहून अधिक. कागद सोडतीनंतर मागितले तर विजेते आणि प्रतीक्षा यादी मिळून काही हजार माणसांचे दस्तऐवज तपासावे लागतात. आधी मागितले तर त्याच्या कित्येक पट. इतके दाखले माणसांनी डोळ्यांखालून घालायचे म्हटले तर कचेरी वर्षभर दुसरे काही करू शकणार नाही. अर्थात ही तपासणी यंत्राने करावी लागते, आणि यंत्र केवळ तोच दाखला तपासू शकते ज्याची मूळ नोंद दुसऱ्या सरकारी यंत्राकडे आहे. म्हणूनच म्हाडाने अधिवास दाखला २०१८ नंतरचा आणि बारकोड असलेला असावा अशी अट घातली. बारकोड म्हणजे त्या मूळ नोंदीपर्यंत पोहोचण्याची किल्ली; हाताने लिहिलेल्या, गोल शिक्क्याच्या जुन्या दाखल्याला अशी किल्ली नसते, मग तो कितीही खरा असो.

माझ्या मते महाराष्ट्राने निवडलेला मार्गच आपल्यासाठी योग्य आहे, कारण आपल्याकडे घर लागल्यानंतरची छाननी ही ओळखीपाळखीची, खेपांची आणि 'साहेबांना सांगून बघतो' म्हणणाऱ्यांची जागा होऊन बसते. परंतु या मार्गाचा बोजा सर्व अर्जदारांवर पडतो, ज्यांतील बहुसंख्यांना घर मिळणारच नसते, हे विसरून चालत नाही. ज्याच्याकडे १९९५ चा दाखला आहे त्याला नवा काढण्यासाठी सेतू केंद्रात जावे लागते, रोजंदारी बुडवावी लागते, शाळा सोडल्याचा दाखला शोधावा लागतो. जाहिरातीनंतरच्या तीन-चार आठवड्यांत हे सर्व उरकणे कठीण. म्हणून नोंदणी बारमाही खुली असणे ही या रचनेची अपरिहार्य अट ठरते, आणि म्हाडाने नोंदणी व अर्ज या दोन क्रिया वेगळ्या केल्या हे फार चांगले केले: एकदा नोंदणी झाली की, उत्पन्नाचा दाखला सोडला तर, कागद पुन्हा पुन्हा द्यावे लागत नाहीत, आणि जाहिरात निघाली की फक्त घर निवडून अनामत भरायची. दुर्दैवाने हे बहुतेकांना ठाऊक नसते, आणि लोक जाहिरातीची वाट पाहत बसतात. पोर्टलच्या पहिल्याच पानावर, ठळक मराठीत, 'आजच नोंदणी करून ठेवा. जाहिरातीची वाट पाहू नका' एवढे लिहिले तरी मुदतीच्या शेवटच्या रात्री होणारी गर्दी पुष्कळशी ओसरेल.

४. एकच माणूस, तीन नावे

यंत्र दोन दाखले ताडून पाहू लागले की पहिली अडचण नावाची येते. अधिवास दाखल्यावर 'विठ्ठल रामचंद्र शिंदे' असते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येऊन 'शिंदे विठ्ठल रामचंद्र' होते. पॅन कार्डावर तेच नाव रोमन लिपीत, आणि 'विठ्ठल' मधील जोडाक्षर ज्याने त्याने आपापल्या अंदाजाने लिहिलेले. विवाहित स्त्रियांची अडचण याहून बिकट: शाळेच्या व जातीच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि बँकेच्या खात्यावर कधी एक तर कधी दुसरे.

अक्षराला अक्षर जुळले पाहिजे असा नियम यंत्राला शिकवला तर अशी हजारो माणसे, काही दोष नसताना, बाद होतील. म्हणून जाणता रचनाकार नावाची तुलना निराळ्या रीतीने करतो. प्रथम नावातील शब्द सुटे करून त्यांचा क्रम सोडून द्यायचा. मग प्रत्येक शब्दाची दुसऱ्या दाखल्यावरील जवळच्या शब्दाशी तुलना करून किती अक्षरे वेगळी पडतात ते मोजायचे. आणि जोडीला जन्मतारीख ताडून पाहायची. जन्मतारीख तीच आणि फरक एका-दोन अक्षरांचा, तर अर्ज पुढे जाईल; फरक मोठा असेल तर तो अधिकाऱ्यापुढे जाईल, आणि अर्जदाराला लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र जोडण्याची संधी मिळेल. केवळ नावाच्या फरकावरून यंत्राने परस्पर नामंजुरी देऊ नये, हा नियम मी कोणत्याही पोर्टलसाठी अनिवार्य मानतो.

५. गिरणी कामगाराचा कागद

येथवर आपण ज्या अर्जदाराची कल्पना केली त्याच्याकडे काही ना काही अद्ययावत दाखला होता. आता अशा माणसाकडे वळू, ज्याचा पुरावा त्याच्या तरुणपणाबरोबर संपला.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडल्या, जमिनींवर मनोरे उभे राहिले. आणि दीर्घ लढ्यानंतर गिरण्यांच्या जमिनीवरील घरांत कामगारांना वाटा मिळाला. २०१२ मध्ये म्हाडाने कामगारांसाठी पहिली सोडत काढली तेव्हा घरे होती सुमारे ६९०० आणि अर्ज जवळजवळ दीड लाख. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर तो गिरणीत कामावर होता, हे कामगाराने किंवा त्याच्या वारसाने सिद्ध करावयाचे असते.

ते सिद्ध करणाऱ्या कागदांची यादी वाचली की गिरणगावाचे एक जगच डोळ्यांपुढे उभे राहते: गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, हजेरीपत्रक, पगाराची पावती, रजेच्या नोंदवहीचा उतारा, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ई.एस.आय.सी.चा क्रमांक, ग्रॅच्युइटी दिल्याचा मेमो. असा एखादा कागद जवळून पाहावा. चार घड्या घालून वर्षानुवर्षे पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेला. घड्यांवरची अक्षरे झिजून गेलेली. गिरणीचे नाव इंग्रजीत छापलेले, त्याखाली निळ्या शाईत तिकीट नंबर, आणि खाते म्हणून 'साचेखाते' किंवा तसेच काही. मोबाइलने त्याचे छायाचित्र घेतले तर घडीच्या जागी येणारी सावली नेमकी तिकीट नंबरावर पडते. ज्या गिरणीने तो दिला ती गिरणी उरलेली नाही, ज्याने सही केली तो हेडक्लार्क उरलेला नाही, आणि बारकोडचा तर प्रश्नच नाही.

अशा अर्जदारासाठी पोर्टलची रचना मुळातून निराळी हवी. 'प्रॉव्हिडंट फंड क्रमांक' या रकान्यापुढे लाल चांदणी लावून तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडायचे नाही, असे केले तर ज्याच्याकडे लाल पास आहे पण फंडाचा क्रमांक नाही, तो दारातच अडेल. येथे यादीतील जे कागद असतील ते घ्यावेत, प्रत्येकाचे बळ वेगळे मोजावे आणि निर्णय माणसानेच करावा; यंत्राने फक्त फाइल हरवू देऊ नये आणि ती कोणाच्या मेजावर किती दिवस आहे ते सांगत राहावे. कामगार हयात नसेल तर वारस एकाहून अधिक असतात, त्यांतील एक साताऱ्यात, एक मुंबईत. तेव्हा इतर वारसांची संमती निरनिराळ्या ठिकाणांहून नोंदवण्याची सोयही हवी. सप्टेंबर २०२३ पासून या कामगारांच्या पात्रतानिश्चितीची मोहीम राबवताना म्हाडाने ऑनलाइन मार्गाबरोबरच प्रत्यक्ष येऊन कागद देण्याचीही व्यवस्था ठेवली, हे योग्यच झाले. पंचाहत्तरीच्या घरातील माणसाला केवळ संकेतस्थळाचा पत्ता देणे म्हणजे त्याला दार दाखवण्यासारखेच आहे.

६. दलालाला जागा कोठे मिळते

म्हाडाच्या जवळजवळ प्रत्येक सोडतीच्या निवेदनात एक वाक्य ठरलेले असते: सदनिकांच्या विक्रीसाठी कोणत्याही दलालाची किंवा मध्यस्थाची नेमणूक केलेली नाही. वाक्य खरे आहे आणि आवश्यकही आहे. २०२४ मध्ये तर म्हाडाच्या नावाचे हुबेहूब बनावट संकेतस्थळ काढून लोकांकडून पैसे उकळल्याचे उघडकीस आले होते. परंतु केवळ इशाऱ्याने दलाल जात नाही. जेथे पोर्टल मुके राहते तेथे दलाल बोलू लागतो. म्हणून ते कोठे मुके राहते हे शोधून तेथे त्याला बोलते करणे, हाच दलालावरचा टिकाऊ उपाय आहे.

एक जागा सर्वांच्या पाहण्यातली आहे. अर्जदार बाई कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जातात. भरणारा मुलगा चलाख. तो भराभर माहिती टाकतो आणि मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात, ओटीपी लवकर यावा म्हणून, स्वतःचाच क्रमांक घालतो. 'मावशी, झालं तुमचं काम' म्हणून शंभर-दोनशे रुपये घेतो. पुढे त्रुटी दूर करण्याची सूचना, सोडतीचा निकाल, देकार पत्राची खबर, सर्व काही त्या मुलाच्या फोनवर येते. आणि मावशींना कळते ते मुदत संपल्यावर. यात कोणाचा दुष्ट हेतू असेलच असे नाही. पोर्टलने दुसऱ्याकडून अर्ज भरून घेण्याची सरळ वाट ठेवली नाही, म्हणून ही आडवाट निर्माण झाली. उपाय साधा आहे. 'आपण स्वतःसाठी अर्ज भरत आहात की दुसऱ्यासाठी?' असे पोर्टलने पहिल्याच पानावर विचारावे. दुसऱ्यासाठी असेल तर भरणाऱ्याचा क्रमांक वेगळ्या रकान्यात घ्यावा, अर्जदाराचा किंवा त्याच्या घरातील कोणाचा तरी क्रमांक सक्तीने घ्यावा, आणि शेवटी एक छापील मराठी पावती द्यावी, जिच्यावर अर्जाचा क्रमांक, योजनेचा संकेत क्रमांक, भरलेली रक्कम, पुढची तारीख आणि संकेतस्थळाचा खरा पत्ता मोठ्या अक्षरांत असेल. पावती हाती असली की माणूस दुसऱ्या कोणाकडूनही चौकशी करून घेऊ शकतो.

७. सोडत दिसली पाहिजे

आळीतल्या भिशीत चिठ्ठी निघते तेव्हा कोणी हरकत घेत नाही, कारण सर्वांची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात पडताना सर्वांनी पाहिलेल्या असतात आणि काढणारे मूल लहान असते. संगणकाच्या सोडतीत डबाही दिसत नाही आणि हातही दिसत नाही. समारंभाचे थेट प्रक्षेपण होते, मान्यवर कळ दाबतात, पडद्यावर नावे झळकतात. पण कळ दाबल्यावर आत काय झाले, हे प्रेक्षकाला उमगत नाही, आणि नाव न लागलेल्याच्या मनात शंका घर करते.

ही शंका दूर करण्याचे शास्त्र उपलब्ध आहे आणि ते समजण्यास कठीण नाही. पहिली गोष्ट, सोडतीपूर्वी सर्व पात्र अर्जांची अंतिम यादी प्रसिद्ध करायची. म्हाडा आधी प्रारूप यादी लावते, दावे-हरकती घेते आणि मग अंतिम यादी लावते, ती याचसाठी. दुसरी गोष्ट, यादीतून नाव निवडण्याची रीत आधी जाहीर करायची. आणि तिसरी, ज्या आकड्यापासून ती रीत सुरू होते तो आकडा सर्वांसमक्ष, यंत्राच्या बाहेर काढायचा.

लहानसे उदाहरण पाहू. एका योजनेच्या संकेत क्रमांकात एक घर आणि पाच अर्ज, अनुक्रमे १ ते ५. सभागृहात पाठोपाठ तीन अंक चिठ्ठीने काढले: ४, ७, २. आकडा झाला ४७२. जाहीर रीत अशी की, या आकड्याला अर्जांच्या संख्येने भागावे आणि बाकीत एक मिळवावा. ४७२ भागिले ५, भागाकार ९४, बाकी २; एक मिळवून ३. तिसरा अर्ज विजेता. आता बार्शीत किंवा बहरीनमध्ये बसलेला कोणीही अर्जदार कागद-पेन्सिल घेऊन हाच हिशेब करू शकतो, आणि उत्तर त्याचेही तेच येते. ००० ते ९९९ या हजार आकड्यांत पाचही अर्जांच्या वाट्याला दोनशे-दोनशे आकडे येतात, म्हणून कोणावर अन्याय नाही. हजारो अर्ज, अनेक संकेत क्रमांक आणि त्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, माजी सैनिक, पत्रकार, कलाकार असे पोटविभाग असले की गणित लांबते. तत्त्व मात्र तेच राहते.

पोटविभागांवरून आणखी एक सुचते. २०२४ च्या मुंबईच्या सोडतीत सरासरी एका घरामागे ५६ अर्ज पडतात. पण ही सरासरी कोणाच्याच उपयोगाची नाही, कारण एखाद्या राखीव प्रवर्गात एका घराला तीन अर्ज येतात आणि शेजारच्याच योजनेत सर्वसाधारण प्रवर्गात शेकडो. अर्ज भरत असतानाच प्रत्येक संकेत क्रमांकापुढे त्या घटकेपर्यंत आलेल्या अर्जांची संख्या दाखवावी, असे माझे मत आहे. लोक कमी गर्दीच्या योजनेकडे वळतील, असा आक्षेप यावर घेतला जातो. वळू द्यावे, डोळे उघडे ठेवून केलेली निवड ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नव्हे.

८. नकाराची भाषा

'कागदपत्रे अपूर्ण' हे दोन शब्द नागरिकाला जितके हिंडवतात तितके क्वचितच दुसरे काही हिंडवत असेल. कोणता कागद, त्यात काय उणे, केव्हापर्यंत आणि कोठे द्यायचा, यांपैकी काहीच त्यात नाही. त्याऐवजी, 'आपल्या अधिवास दाखल्यावरील बारकोड वाचता आला नाही. दाखला सपाट पृष्ठावर ठेवून, उजेडात त्याचे पुन्हा छायाचित्र घेऊन अमुक तारखेस सायंकाळी पाचपर्यंत अपलोड करावा. निर्णय मान्य नसल्यास अमुक अधिकाऱ्याकडे इतक्या दिवसांत अपील करता येईल,' असे लिहिले तर अर्जदाराची एक खेप, एक दिवसाची मजुरी आणि पुष्कळसा मनस्ताप वाचतो. अनामत रकमेबाबतही तेच. खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक आणि रक्कम ज्या दिवशी बँकेकडे पाठवली ती तारीख, एवढे दाखवले म्हणजे कचेरीचा दूरध्वनी अखंड वाजत राहत नाही.

९. साठलेले दप्तर

शेवटचा विषय थोडक्यात, पण तो टाळता येत नाही. नोंदणी कायमस्वरूपी ठेवली म्हणजे लाखो कुटुंबांचे आधार, पॅन, उत्पन्न, जात आणि बँकखाते एका ठिकाणी वर्षानुवर्षे साठते. जुन्या काळी बाद अर्जांचे गठ्ठे ठराविक मुदतीनंतर नष्ट होत. संगणकात ते आपोआप नष्ट होत नाहीत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि ज्या हेतूने माहिती घेतली तो हेतू संपल्यावर ती पुसावी, हे तत्त्व त्यात आहे. ज्याला पुढच्या सोडतीत पुन्हा उतरायचे आहे त्याचे कागद ठेवणे हे त्याच्याच सोयीचे आहे. परंतु तो निर्णय त्याचा असावा. दर वर्षी एकदा, आर्थिक वर्ष संपून उत्पन्नाचा नवा दाखला द्यायची वेळ येते तेव्हाच, पोर्टलने त्याला विचारावे की नोंदणी चालू ठेवायची आहे की काढून टाकायची आहे. दोन वर्षे उत्तर आले नाही तर त्याच्या सर्व क्रमांकांवर सूचना देऊन कागद पुसावेत, आणि पुसल्याची तारीख तेवढी त्याच्या नावापुढे ठेवावी.